खिळ्याची खाच

नमस्कार श्रोतेहो. आजचं वर्तमानपत्र हाताशी असेल तर घ्या आणि त्यात एक 'ल' शोधा. दोन पाकळ्यांचा असेल, तर तो आपल्या मराठी वळणाचा. उजवीकडे उभी दांडी असेल, तर हिंदी वळणाचा. 'श'चंही असंच. आपल्या राज्य शासनाने २००९ साली या वळणांबद्दल निर्णयही काढलेला आहे.

मला आज बोलायचंय ते टाइपांच्या, म्हणजे छापायच्या अक्षरांच्या वळणांच्या, वर्गवारीबद्दल. पण ती मी पुस्तकात शिकलो नाही, सांडलेल्या केसीवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या पेटीवर, शिकलो. तेव्हा आधी ते ऐका.

१९७४ची उन्हाळ्याची सुट्टी. शनिवार पेठेत माझ्या काकांचा छापखाना. एक ट्रेडल मशीन, भिंतीला टेकलेल्या लाकडी केसी, आणि खिळे, म्हणजे शिशाची ती सुटी अक्षरं, धुवायच्या रॉकेलचा वास. इंग्रजीचं दोन केसींवर भागायचं. आपल्याला चार लागायच्या, कारण जोडाक्षरांची प्रजा फार. मी चहाची किटली ठेवायला जागा करत होतो. एक केस जरा सरकवली, तर ती गेली खाली, आणि जाताना दुसरीला घेऊन गेली. दोन्ही एकाच मापाच्या, बारा पॉइंटच्या, पण दोन निराळ्या फाउंड्रींच्या, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांच्या. शहाबादी फरशीवर शिशाचा सडा. दुसऱ्या दिवशी एका लग्नाची पत्रिका छापून द्यायची होती.

काका काही बोलले नाहीत. नुसती चादर अंथरली आणि म्हणाले, "बस."

मी बसलो. एकेक खिळा उजेडात धरायचा, उलटं अक्षर सुलटं करून वाचायचं, मग 'क'चं पोट गोल की चपटं, काना जाड की बारीक, हे बघून ठरवायचं हा कुठल्या घरचा. दोन तासांत जेमतेम दोन ओंजळी झाल्या आणि डोळे पाण्याने भरले. खिळे जुळवणारे आमचे म्हातारे जुळारी हे सगळं पानाला चुना लावत बघत होते. ते शेजारी येऊन बसले, डोळे मिटले, आणि खिळ्याच्या अंगावरून अंगठा फिरवत टाकायला लागले. हा इकडे. हा तिकडे. हा तिकडे. अक्षराकडे बघतच नव्हते.

खिळ्याच्या अंगाला खाच असते, श्रोतेहो. खाच. जुळवताना खिळा सुलटा आहे की उलटा, ते बोटाला कळावं म्हणून. आणि फाउंड्री बदलली की खाच बदलते. आमच्याकडे एका टाइपाला एक खाच होती, दुसऱ्याला दोन. "आधी घर बघ," ते म्हणाले, "नाव मग विचार." तासाभरात दोन ढीग वेगळे.

आता वर्गवारी. फ्रान्समध्ये माक्सिमिलियें व्होक्स यांनी १९५४मध्ये रोमन टाइपांचे वर्ग मांडले: जुन्या लेखणीच्या वळणाचे, जाडबारीक फरक तीव्र असलेले, ठोकळ्यासारख्या पायांचे, बिनपायांचे, वगैरे. टाइपवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९६२मध्ये हे स्वीकारलं आणि एक खण जास्तीचा ठेवला, परक्या लिप्यांचा. ग्रीक, अरबी, देवनागरी, सगळे त्याच एका खणात! आमच्या छापखान्यात मोडके खिळे टाकायचा डबा होता, तसा. २०२१मध्ये त्याच संघटनेने या वर्गवारीवरून हात काढून घेतला.

आपली लिपी त्या खणांत बसणार कशी? बोरूचा काप आठवा. रोमन लेखणीत डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. आपल्या बोरूत उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. पुन्हा सांगतो, बरोबर उलट. मग इंग्रजी फॉन्टचा जाडेपणा मराठीवर तसाच चढवला, की अक्षर दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं दिसतं. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. भावी नगरसेवकाचं नाव जागेत बसावं म्हणून आडवं ताणलेलं असतं, मधले काने पसरून हत्तीच्या पायाएवढे. माणूस निवडून आला तरी ते नाव काही सुधारत नाही. असो.

पुस्तकांना वेळ कमी उरला. या विषयाचं एकच नाव घेतो, बापूराव नाईक. देवनागरीच्या टाइपोग्राफीवरचे त्यांचे तीन खंड १९७१ साली शासनाच्या भाषा संचालनालयाने काढले. इंग्रजीत आहेत, जाड आहेत, दिसले की सोडू नका. आणि वाचायला कुणाला देऊ नका, मी दिले होते.

तर ती पत्रिका. रात्री अकराला जुळवलेल्या मजकुराचा फर्मा मशीनवर चढला. दोनशे प्रती निघाल्यावर मी एक उचलली, आणि 'मंगल कार्यालय' या शब्दांशी थबकलो. 'मंगल'चा 'ल' शेजारच्यांपेक्षा किंचित जाड, पाकळ्या फुगलेल्या. दुसऱ्या घरचा! जुळाऱ्यांना दाखवला. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. कागदाला कसली खाच? मग चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "तुला दिसला, मला नाही लागला." मशीन थांबवायला मी पुढे झालो, तर त्यांनी हात धरला. "राहू दे रे. लोक पत्ता बघतात आणि जेवायला जातात."

त्यातली एक प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत. येतो. नमस्कार.