फॉर्मच्या रकान्यात लपलेलं तत्त्वज्ञान

नमस्कार! आज सुरुवात एका बंद खोलीपासून करूया.

साल १९६२, अमेरिकेतलं सिएटल शहर. मूत्रपिंडं कायमची निकामी झाली की तोवर माणूस थोड्या दिवसांचाच सोबती असायचा. पण १९६० साली तिथल्या बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी हातात बसवून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली आणि डायलिसिस वर्षानुवर्षं करणं शक्य झालं. अडचण एकच. यंत्रं मोजकी आणि रोगी कितीतरी.

मग सात जणांची समिती बसवली. एक वकील, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. त्यांची नावं गुप्त. वैद्यकीय चाळणी आधीच लागलेली असायची. समितीने फक्त एवढंच ठरवायचं, की उरलेल्यांपैकी यंत्र कोणाला द्यायचं. म्हणजे जगायचं कोणी.

आता जरा त्या टेबलाशी बसून बघा. समोर एक कागद. वय, लग्न झालंय का, पदरात मुलं किती, शिक्षण, मिळकत, नोकरी. चर्चमध्ये जातो का, हेही! दोन मुलांच्या बापाला आधी द्यायचं, की सहा मुलांच्या? एकट्या माणसाचा जीव कमी मोलाचा का? त्या सातजणांतलं कोणी ‘आम्ही तत्त्वज्ञान करतोय’ असं म्हटलं नसतं. पण ‘समाजाला उपयोगी माणूस म्हणजे कोण’ या प्रश्नाचं उत्तर ते त्या कागदावर देत होते, आणि तेही कोणाला कारणं न सांगता. त्याच वर्षी एका मासिकात हे छापून आलं आणि गदारोळ झाला.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेने डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेतला. समितीची गरज संपली. प्रश्न मात्र संपला नाही, त्याने खोली बदलली. आता तो आकड्यांत राहतो.

माझं म्हणणं इतकंच आहे. ‘धोरणांत तत्त्वज्ञान आणा’ असं लोक म्हणतात, तेव्हा ते बाहेरून आणायची वस्तू आहे असं वाटतं. ते आधीच आत बसलंय, फक्त दारावर पाटी नाही.

एक पाटी लावून बघू. कॅल्क्युलेटर घ्या.

(स्क्रीनवर: १०० कोटी, १०० वर्षं)

समजा, आज आपण काही केलं नाही तर १०० वर्षांनी १०० कोटींचं नुकसान होणार आहे. चलन कुठलंही धरा. ते टाळायला आज किती खर्च करणं परवडेल? अर्थतज्ज्ञ यासाठी डिस्काउंट रेट वापरतात, म्हणजे वटाव. व्याजाचं गणित उलटं चालवायचं. दर ५ टक्के धरला, तर त्या १०० कोटींची आजची किंमत भरते सुमारे ७६ लाख. दर १.४ टक्के धरला, तर सुमारे २५ कोटी. कुठे ७६ लाख आणि कुठे २५ कोटी! विज्ञान तेच, नुकसान तेच. बदलला तो एक दर.

हा १.४ मी हवेतून काढलेला नाही. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावर २००६ साली जो मोठा अहवाल दिला, त्यात साधारण हाच दर होता. त्यांचं म्हणणं असं, की पुढची माणसं आपल्यापेक्षा श्रीमंत असतील म्हणून थोडा वटाव ठीक, पण कोणी केवळ उशिरा जन्मला म्हणून त्याचं सुखदुःख कमी धरायचं नाही. विल्यम नॉर्डहाऊस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी टीका केली, की लोक बाजारात असं वागत नाहीत, दर त्यांच्या वागण्यावरून घ्या. दोन्ही बाजूंना दम आहे. मला स्टर्न पटतात, पण ते सोडा. वाद अर्थशास्त्राचा दिसतो, आणि मुळात आहे न जन्मलेल्यांच्या हक्काचा. तो दर परिशिष्टातल्या तक्त्यात छापलेला असतो, आणि परिशिष्ट वाचतो कोण?

‘मग काय, तत्त्वज्ञांना मंत्री करायचं?’ असं कॉमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. नको. त्यांचं काम निकाल देणं नाही, प्रश्न नीट मांडणं आहे. त्याचं माझं आवडतं उदाहरण सांगतो.

१९७८ साली पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. प्रयोगशाळेतल्या भ्रूणांवर संशोधन चालू द्यावं का, यावर ब्रिटनमध्ये रान पेटलं. १९८२ मध्ये सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं मेरी वॉरनॉक यांना. पेशाने तत्त्वज्ञ, मधली काही वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका. मला वाटतं, भांडणारी माणसं एका टेबलाशी बसवायला हा दुसरा अनुभव जास्त कामी आला असावा.

सगळे विचारत होते, ‘जीव नेमका कधी सुरू होतो?’ या प्रश्नावर समिती जन्मभर बसली असती. १९८४ च्या अहवालाने तो बाजूला ठेवून थेट दुसरा घेतला: भ्रूणाशी आपण कसं वागणं योग्य? उत्तर आलं, चौदा दिवस. त्यापुढे प्रयोगशाळेत वाढवायचा नाही. साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणात एक रेघ उमटते. तिथून शरीराची आखणी सुरू होते, आणि त्यानंतर एकाची जुळी होऊ शकत नाहीत. तेरा किंवा सोळा का नाही, असं भांडता येतंच. पण कायद्याला मोजता येईल अशी रेषा लागते. १९९० मध्ये तिचा कायदा झाला.

अहवालाच्या शेवटी, ज्या सदस्यांना काही शिफारशी मान्य नव्हत्या, त्यांची विरोधी मतंही छापली आहेत. सिएटलच्या खोलीत नेमकं हेच नव्हतं.

आणि गंमत बघा. ही रेषा आखली तेव्हा भ्रूण इतके दिवस प्रयोगशाळेत टिकवणं कोणाला जमतही नव्हतं. २०१६ मध्ये दोन गटांनी ते तेराव्या दिवसापर्यंत टिकवून दाखवले. २०२१ मध्ये मूळपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चौदा दिवसांपुढचं काम आपल्या मनाईच्या यादीतून काढलं. ब्रिटनचा कायदा मात्र अजून चौदावरच आहे. चौदाचे किती करायचे, हे आता पुन्हा कुठल्यातरी टेबलावर येतंय. तिथे कोण बसलंय, ते शोधून खाली लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावर करतो.