दोन रेषांमधला धबधबा

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, काही नवी नाही. पण आज जिच्याबद्दल बोलायचंय, तिच्यावर ना गाव, ना रस्ता, ना देऊळ. नुसती तळी, आणि त्या तळ्यांतून वाट काढणारी एक नदी. उत्तर कॅनडातली डुबॉन्ट.

१८९३ साली कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा जोसेफ टायरेल, भाऊ जेम्सला आणि वल्ही मारणाऱ्या गड्यांना घेऊन या नदीवर निघाला. त्या वेळच्या नकाशात हा मुलूख कोरा होता. अर्थात कोरा तो नकाशा काढणाऱ्यांना. तिथले मूळ रहिवासी डेने आणि इन्युइट लोक कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तरेकडच्या रेनडियर हरणांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या फिरत होते.

अशा प्रवासात मोजणीची रीत साधी, पण जिवाला घोर लावणारी. वळण आलं की होकायंत्राने दिशा घ्यायची, अंतर अजमावायचं, वहीत टिपायचं. मध्यान्हीला सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचे. ढग आले, की ते राहिलंच! त्यात चुंबकीय ध्रुव फार लांब नाही, म्हणजे होकायंत्राची सुईसुद्धा खऱ्या उत्तरेपासून भलतीकडे वळलेली. डुबॉन्ट तलावावर पोचले तेव्हा ऑगस्ट होता, आणि तलावावर बर्फ! कडेच्या मोकळ्या पाण्यातून होड्या रेटत ते गेले. हडसन उपसागराच्या काठाने चर्चिलचं ठाणं गाठेपर्यंत उपासमारीने हाल झाले होते.

एवढं करून हाती आली ती नदीची रेघ आणि होडीतून दिसला तेवढाच काठ. टेकडीपलीकडचं भरायला विमान यावं लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकाच विमानात तीन कॅमेरे बसवत. एक खाली रोखलेला, दोन तिरके, म्हणजे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत सगळं टिपलं जाई.

मग समोच्च रेषा आल्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. नदी ओलांडताना या रेषेचा इंग्रजी व्ही होतो आणि त्याचं टोक उगमाकडे असतं. रेषा जवळजवळ आल्या, की समजायचं, पुढे खळाळ आहे. पण इथेच गंमत आहे. दोन रेषांच्या उंचीत दहा मीटरचा फरक असेल, तर आठ मीटरचा धबधबा त्यांच्या मधोमध बिनबोभाट मावतो. नकाशा चुकलेला नसतो, आणि तरी धबधबा त्यात नसतो.

म्हणून आजही तिथे वल्हवणारे मांडीवर नकाशा ठेवतात आणि कान पाण्याकडे. घुमल्यासारखं ऐकू आलं, की होडी काठाला लावायची, आणि ओल्या बुटांनी दगडांवरून पुढे जाऊन पाहून यायचं.