नाव बदललं, नोंद तीच

एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेतली माणसं आणि ग्रुप झाडासारख्या रचनेत ठेवणाऱ्या यादीत, नाव हाच नोंदीचा पत्ता असतो. ‘सीएन=मेघा जोशी, ओयू=लेखा’ असं खालून मुळापर्यंत वाचत जायचं; सीएन म्हणजे माणसाचं नाव, ओयू म्हणजे विभाग. त्यातला पहिला तुकडा म्हणजे आरडीएन, आणि सगळं मिळून डीएन. आता मेघाचं लग्न झालं, तिने आडनाव कुलकर्णी केलं, गॅझेटची प्रत ऑफिसात दिली. तुम्ही नेहमीच्या एलडॅप_मॉडिफायने, म्हणजे नोंदीतली खानी बदलणाऱ्या फंक्शनने, सीएनमधलं जुनं नाव काढायला गेलात, तर सर्व्हर ६७ नंबरची एरर देतो. पत्त्यात बसलेलं नाव असं उपटता येत नाही.

मग पुष्कळ जण करतात तेच मी एका कॉलेजात केलं. जुनी नोंद डिलीट, नव्या नावाने ॲड. पण ओपनएलडॅप हा एलडॅप सर्व्हर प्रत्येक नोंदीला जन्मतः एक एन्ट्रीयूयूआयडी, म्हणजे तिची एकमेव ओळखखूण, देतं. ती बदलली, आणि तिच्यावरून मेलबॉक्स ओळखणाऱ्या तिथल्या सिस्टिमने प्राध्यापकबाईंना नवखं समजून रिकामा मेलबॉक्स दिला. परीक्षेच्या हंगामात! त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

यासाठी एलडॅप_रिनेम_एस हे फंक्शन आहे. यात एन्ट्रीयूयूआयडी तीच राहते. फंक्शनला जुना डीएन द्या, नवा आरडीएन द्या, आणि नवा पालक, म्हणजे नोंद जिच्याखाली बसेल ती वरची फांदी, द्या. पालकाच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही, असं दिलं तर नोंद त्याच फांदीवर राहते. हा पालक बदलण्याची सोय एलडॅपच्या १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. १९९५ च्या आरएफसी १७७७ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या नियमपत्रात, फक्त पहिला तुकडा बदलता यायचा.

फंक्शनला पालकानंतर द्यायचा डिलीटओल्डआरडीएन हा आकडा लोक डोळे झाकून १ ठेवतात. इथे थांबा. १ म्हणजे जुनं नाव नोंदीतून जाईल, ० म्हणजे जास्तीची किंमत म्हणून राहील. सीएनसाठी मी ० पसंत करतो, कारण जुन्या कागदांवरून ‘मेघा जोशी’ शोधणाऱ्याला ती सापडायला हवी. पण आरडीएन यूआयडी, म्हणजे लॉगिनचं नाव, असेल तर १च. नाहीतर उद्या एमजोशी हीच यूआयडी दुसऱ्या कुणाला दिलीत की एका शोधात दोन नोंदी येतात आणि लॉगिन अडतं. आणि हो, एसएन, म्हणजे आडनावाचं खानं, रिनेमने बदलत नाही. त्याला मॉडिफाय वेगळं.

आता ग्रुप. मेंबरच्या यादीत अख्खा डीएन लिहिलेला असतो, आणि रिनेम त्याला हात लावत नाही. मेघा लेखा विभागाच्या ग्रुपमध्ये जुन्याच पत्त्यावर राहते, म्हणजे परवानग्या गेल्याच. ओपनएलडॅपमध्ये रेफइंट नावाचा ओव्हरले, म्हणजे सर्व्हरला जोडायचा जादा भाग, हे दुरुस्त करतो, पण तो आपण चालू करावा लागतो आणि कोणती खानी तपासायची तेही सांगावं लागतं. तो चालू असला तरी मी रिनेमनंतर जुन्या डीएनने सगळ्या ग्रुपांत एक सर्च मारतो. एकही ग्रुप आला नाही की मगच मेघाला फोन करून लॉगिन करून बघायला सांगतो.