निवृत्तिवेतनाचा आकडा आणि वाढते भाव

नोकरीच्या अखेरीस कर्मचाऱ्याचे सगळे लक्ष दरमहा किती निवृत्तिवेतन मिळणार या आकड्याकडे असते. तो आकडा पुढे वाढत जाणार की आयुष्यभर तेवढाच राहणार, हे मात्र योजनेच्या नियमांत शोधावे लागते. रक्कम कायम राहिली आणि भाव दरवर्षी ६ टक्क्यांनी चढत गेले, तर साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या व्यक्तीच्या निवृत्तिवेतनाची क्रयशक्ती बहात्तराव्या वर्षी निम्मी आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी जेमतेम पाव उरते. खात्यात जमा होणारी रक्कम तीच असल्यामुळे ही घट चटकन जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा पुन्हा कमावण्याचे वय उलटून गेलेले असते.

महागाईशी जोडलेल्या योजनांतही वाढीला कमाल मर्यादा आहे का, हे पाहावे लागते. ब्रिटनमधील खासगी कंपन्यांच्या अनेक योजनांत ही मर्यादा नोकरी कोणत्या काळात झाली त्यानुसार ५ किंवा २.५ टक्के आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर पोहोचला होता. महागाई १० टक्के आणि वाढ ५ टक्के, असे एकच वर्ष गेले, तरी क्रयशक्ती सुमारे साडेचार टक्क्यांनी कमी होते. पुढे महागाईचा दर उतरला, तरी चढलेले भाव सहसा खाली येत नाहीत, त्यामुळे ती तूट बहुधा कायमची राहते.

ज्यांच्या हाती ठरावीक निवृत्तिवेतनाऐवजी वर्गणीतून साठलेला निधी असतो, त्यांच्यासाठी निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे सर्वांत नाजूक असतात. महागाई वाढली की खर्च भागवण्यासाठी निधीतून अधिक रक्कम काढावी लागते, आणि नेमके त्याच काळात व्याजदर वाढल्याने रोख्यांच्या किमती पडतात. २०२२ मध्ये अनेक देशांत शेअर आणि रोखे एकाच वेळी घसरले. पडत्या भावात विकलेली गुंतवणूक पुढच्या तेजीचा लाभ देऊ शकत नाही.

म्हणूनच, वाढत्या निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घेण्याचा निर्णय फार विचारपूर्वक घ्यायला हवा, कारण त्या भागाबरोबर त्यावरील भविष्यातील वाढही सोडून दिली जाते. निवृत्ती एक-दोन वर्षे पुढे ढकलली, तर वर्गणी चालू राहते आणि निधीला हात लागत नाही. परंतु अंगमेहनतीचे काम करणाऱ्या अनेकांना तशी मुभा शरीरच देत नाही, आणि महागाईनुसार वाढीची तरतूद योजनेतच असण्याची सर्वाधिक गरज त्यांना आहे.