मोच्यांची आरी आणि युरोपातले पलंग

नमस्कार. पडद्यावर दिसणारे हे पलंगाचे पडदे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पांढऱ्या सुती कापडावर रेशमाने भरलेली ही फुलझाडे 1700 च्या सुमारास गुजरातेत तयार झाली आणि इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात अ‍ॅशबर्नहॅम घराण्याच्या वाड्यात लागली. असे काम तिथे मोची समाजातील कारागीर करत. भरतकाम म्हटले की आपल्याला सुई आठवते. या कारागिरांचे हत्यार, म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली आरी, मात्र चामड्याच्या कामातून आलेले होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने गुजरातेतील चामड्याच्या नक्षीदार, तारकाम केलेल्या चटयांचे कौतुक करून ठेवले आहे.

टाका कसा पडतो, ते जवळून पाहू. कापड चौकटीवर ताणलेले असते आणि धागा कापडाच्या खाली, डाव्या हातात असतो. उजव्या हातातली आरी वरून टोचली की तिच्या टोकाचा बारीक आकडा खालचा धागा पकडतो आणि त्याचा फास वर ओढून आणतो. पुढच्या वेळी आरी त्याच फासातून खाली उतरते आणि दुसरा फास वर आणते. अशी साखळी तयार होत जाते. धागा प्रत्येक टाक्याला आरपार ओढावा लागत नसल्यामुळे हात झपाट्याने चालतो, आणि साखळीच्या ओळी एकमेकींना चिकटवून, रंग हळूहळू बदलत नेल्यास पाकळीवर छटाही उतरते. लग्नाच्या ब्लाउजवर हल्ली आपल्याकडे जे आरी वर्क करून घेतात, त्याचे तंत्र हेच आहे.

शिवकालाच्या इतिहासात आपल्याला भेटणारी सुरतेची इंग्रज वखार या व्यापाराच्या केंद्रस्थानी होती. 1643 मध्ये लंडनहून वखारीला कळवण्यात आले, की रंगवलेल्या रजयांवर लाल जमीन, म्हणजे नक्षीमागचा कापडाचा रंग, खपत नाही. पांढरी जमीन अधिक ठेवावी आणि फुले, फांद्या रंगीत असाव्यात. अ‍ॅशबर्नहॅमच्या पडद्यांवरही तीच पांढरी जमीन दिसते. मागणी परदेशी होती, तरी पाकळीतली रंगांची समज आणि फांदीचे वळण कारागिराच्या हातचे होते, आणि मला मोलाचे वाटते ते हेच.

पुढे युरोपने हे तंत्रही उचलले. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्स आणि इंग्लंडमधील स्त्रिया गोल चौकटीवर आकड्याने साखळी टाका घालू लागल्या; त्या कामाला टांबूर म्हणतात आणि त्याचे मूळ पूर्वेकडचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील ल्युनेव्हिलमध्ये त्याच आकड्याने मणी आणि टिकल्या लावल्या जाऊ लागल्या, आणि पॅरिसच्या उंची पोशाखांवर आजही तसेच काम होते.

त्यातले बरेच काम आता मुंबईत होते. 30 मार्च 2023 रोजी दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर पोशाखांचा कार्यक्रम केला, तेव्हा त्यातील भरतकामात मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेच्या कारागिरांचा मोठा वाटा होता.