गवताची रंध्रं आणि माळाची ओल

नमस्कार श्रोतेहो.

आज गवताविषयी बोलायचंय. सासवड ओलांडून सुप्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ लागतो ना, त्या माळावरच्या गवताविषयी. पवन्या, मारवेल, कुसळी.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, हे तुम्ही रोज ऐकता. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५च्या आसपास होता, आता ४२०च्या वर गेलाय. आपल्या सिंहगडावरही पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने घेऊन तो मोजलाय.

आता पानाकडे वळू. पानावर बारीक रंध्रं असतात. हा वायू आत शिरतो तो तिथूनच आणि पाण्याची वाफ बाहेर पडते तीही तिथूनच. हवेत वायू मुबलक असला की रंध्रं पूर्वीइतकी उघडत नाहीत. वाफ कमी जाते, मुळं पाणी कमी ओढतात. पुन्हा सांगते, वायू जास्त, रंध्रं कमी उघडी, आणि मातीतली ओल जास्त दिवस. ओलीवरून आठवलं, ऐन एप्रिलमध्ये टँकर मागवायचे आणि सोसायटीच्या लॉनला दोन वेळा पाइप लावायचा, हे मला मुळीच पटत नाही. असो.

या रंध्रांची एक गोष्ट सांगते. भाद्रपद सरत आला होता आणि मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन सुप्याच्या माळावर गेले होते. रंध्रांचा ठसा घ्यायची आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. पानावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, वाळला की वरून चिकटपट्टी दाबायची, अलगद उचलायची आणि काचपट्टीवर लावायची. सूक्ष्मदर्शक आरशाचा, उन्हावर चालणारा, त्यामुळे विजेची गरज नाही.

मुली ओणव्या होऊन मारवेलच्या पात्यांना नेलपॉलिश लावत होत्या. तेवढ्यात मेंढरांमागून एक धनगर बाई आल्या. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं पोरींनो, गवताला नखपालिश लावताय व्हय?"

मी म्हटलं, "या मावशी, बघा तरी."

त्यांनी काठी काखेत धरली, एक डोळा तळव्यानं झाकला आणि दुसरा भिंगाला लावला. बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "ह्ये तर वळीनं बसल्यात की! पाभरीनं पेरल्यावानी." अगदी खरं. गवताची रंध्रं ओळीतच असतात. एका मुलीनं त्यांना सकाळचा ठसा दाखवला, मग दुपारचा. दुपारची रंध्रं बरीच आवळलेली होती. मावशींनी दोन्ही पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या. "उनाची मिटत्यात. पानी राखाया."

मग त्या मुलीनं सांगितलं, की हवेत धुराचा वायू वाढत गेला तर ही रंध्रं सकाळीसुद्धा जरा कमीच उघडतील. मावशी खाली बसल्या. गवताच्या ठोंबाखालची माती काठीनं उकरून मुठीत दाबली, तिचा लाडू झाला. हातभर अंतरावरची उघड्या जागेवरची माती घेतली, ती बोटांतून गळून गेली. ठोंबाखालची माती मला दाखवत त्यांनी विचारलं, "मंग ही वल दिवाळीपतूर ऱ्हाईल?"

मी म्हटलं, "थोडी जास्त दिवस राहील, मावशी."

"आन् गवतात कस ऱ्हाईल का? नुसतं हिरवं दिसून भागत न्हाई. मेंढराच्या अंगी लागाया पायजे."

इतकी वर्षं शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

मावशींच्या दोन्ही प्रश्नांवर अमेरिकेत कोलोराडोच्या माळावर काम झालंय. १९९७ ते २००१ अशी पाच वर्षं तिथं गवताभोवती वरून उघड्या, पारदर्शक कोठ्या उभारल्या आणि आत हा वायू तेव्हाच्या हवेच्या दुप्पट, म्हणजे ७२० भागांपर्यंत ठेवला. मातीत ओल जास्त राहिली, गवतही जास्त वाढलं. पण त्या चाऱ्यात प्रथिनं घटली आणि तो पचायला जड झाला. ओल वाढली, कस उतरला. मावशींनाही मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग मेंढरं जास्त हिंडवाया लागत्याल," आणि कळपामागं निघून गेल्या.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. तिथल्या एका लहानशा झुडपाची वाढ सुमारे ४० पट झाली. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. माळावरची आपली बहुतेक गवतं ज्वारी-बाजरीच्या जातकुळीची. त्यांना वाढलेल्या वायूचा थेट फायदा थोडाच, मुख्य फायदा वाचलेल्या पाण्याचा. बाभूळ आणि घाणेरीला मात्र दोन्ही फायदे मिळतात. शिवाय बाभळीची मुळं खोल. गवतानं वाचवलेलं पाणी खाली मुरलं, की ते बाभळीच्या वाट्याला. आणि उष्णता वाढली की जमीन वरूनही सुकते, ते वेगळंच.

म्हणजे हवाच झुडपांना हात देतेय. अशा वेळी आपणही दर पावसाळ्यात टेकड्यांवर खड्डे खणतो आणि फोटो काढून परत येतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्प, म्हणजे बाहेरून आणलेली ग्लिरिसिडियाची झाडं, लावून काय साधलं, ते तिथं फिरायला जाणाऱ्यांनी खाली वाकून बघावं. त्या झाडांखाली गवताचं पातं शोधावं लागतं. कागदोपत्री माळाला पडीक म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो. ज्या जमिनीवर मेंढरं, चिंकारा आणि लांडगे जगतात ती पडीक कशी? या पावसाळ्यात तुमच्या सोसायटीतून वृक्षारोपणाला मंडळी निघाली, तर त्यांना आधी विचारा, की खड्डा जिथं घेताय तिथं आज काय उगवलंय? पवन्या किंवा मारवेल असेल, तर तिथं कुदळ मारू देऊ नका.

पुढच्या मंगळवारी याच वेळी बाभळीवर बोलू. नमस्कार.