आकाशातून समुद्राचं मीठ: गॅरी लागरलोफ यांचं काम

(सोलापुरातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोअरचं पाणी कसं आहे हे बघायला आपण टीडीएस मीटर बुडवतो. पाण्यातून वीज किती सहज वाहते, तेवढंच तो मोजतो. जहाजावरची उपकरणंही समुद्राची क्षारता याच तत्त्वावर काढतात. किलोभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खुल्या समुद्रात हा आकडा बहुतेक ठिकाणी ३२ ते ३७ च्या आत राहतो. एवढा थोडा फरक पाण्याला न शिवता, साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून टिपायचा होता.

सिअ‍ॅटलचे समुद्रशास्त्रज्ञ गॅरी लागरलोफ यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. १९९५ मध्ये कॅल्विन स्विफ्ट आणि डेव्हिड ल वाइन यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी उपग्रहांपुढचं पुढचं आव्हान म्हणून क्षारतेकडे बोट दाखवलं. पृथ्वीवरचं सुमारे ८६ टक्के बाष्पीभवन समुद्रावरून होतं आणि ७८ टक्के पाऊस समुद्रावरच पडतो. त्या देवाणघेवाणीची नोंद ठेवायला समुद्रात पर्जन्यमापक लावता येत नाहीत. क्षारता मात्र ती ठेवते.

समुद्राचा पृष्ठभाग स्वतःहून मंद मायक्रोवेव्ह सोडत असतो. १.४१३ गिगाहर्ट्‌झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, क्षार वाढले की हे उत्सर्जन किंचित घटतं. पाणी २० अंशांवर असेल तर एका ग्रॅमला सुमारे अर्धा केल्विन (उत्सर्जनाची ताकद तापमानाच्या एककात मांडतात, ते पाण्याचं खरं तापमान नव्हे). ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात त्याच्याही निम्म्यावर येतं, म्हणून तिथले नकाशे आजही कच्चे आहेत. लागरलोफ ज्या मोहिमेचे प्रमुख संशोधक होते, त्या ॲक्वेरियसचं उद्दिष्ट होतं महिन्याच्या सरासरीत ०.२ ग्रॅमची अचूकता. म्हणजे केल्विनचा दहावा भाग!

खरी कसोटी इथून पुढे. वाऱ्यानं पाणी खडबडीत झालं की उत्सर्जन वाढतं. वाऱ्याचा वेग सेकंदाला एक मीटरनं चुकला, तरी क्षारतेत अर्ध्या ग्रॅमहून जास्त चूक शिरते. वाऱ्याचा आकडा दुसऱ्या उपग्रहाकडून घ्यावा, तर तो त्याच घटकेचा नसतो. म्हणून ॲक्वेरियसवर हे उत्सर्जन मोजणाऱ्या तीन रेडिओमीटरांच्या जोडीला १.२६ गिगाहर्ट्‌झचा रडार बसवला. दोघांना अँटेना एकच, अडीच मीटरची. त्यामुळे खडबडीतपणा त्याच पाण्याचा, त्याच क्षणी मोजला जातो. माझ्या मते या मोहिमेतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

सूर्याचे मायक्रोवेव्ह टाळण्यासाठी उपग्रह सकाळ-संध्याकाळच्या सीमारेषेवरून फिरवला आणि अँटेना रात्रीच्या बाजूला वळवली. तरी आकाशगंगेचं पाण्यातलं प्रतिबिंब उरतंच, ते गणितानं वजा करावं लागतं. ही लहरपट्टी रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, पण आशियात कित्येक ठिकाणी बेकायदा प्रक्षेपणं तिच्यात घुसतात.

किनाऱ्याचा त्रास वेगळाच. जमीन सुमारे २८० केल्विनची, समुद्र १०० च्या आसपास. अँटेनाच्या कडेनं जमिनीचा एक टक्का जरी आत आला, तरी १.८ केल्विन वाढतात. क्षारता साडेतीन ग्रॅमनं कमी दिसते.

१० जून २०११ ला अर्जेंटिनाच्या एसएसी-डी उपग्रहावरून निघालेला ॲक्वेरियस ७ जून २०१५ ला बंद पडला. तोवर अचूकतेचं उद्दिष्ट गाठलं गेलं होतं. त्याच्या आधी, २००९ पासून, क्षारता मोजणारा युरोपचा स्मॉस उपग्रह फिरतो आहे. २०१५ पासून नासाचा स्मॅपही.

आपल्या भीमेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं, पण तिथला मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा. पावसाळ्यानंतर हे गोडं पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्यालगत जेमतेम शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यानं दक्षिणेकडे सरकतं. ॲक्वेरियसचा एकेक ठसाच, म्हणजे एका वेळी मोजला जाणारा पाण्याचा तुकडा, जवळपास तेवढा, त्यामुळे हा पट्टा त्याच्या हाती नीट लागला नाही. स्मॅपची अँटेना सहा मीटरची, ठसा चाळीसेक किलोमीटरचा. त्याला तो दिसला. हलकं गोडं पाणी वर तरंगत राहतं, खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही, पृष्ठभाग ऊबदार राहतो. चक्रीवादळांचा अभ्यास करणारे म्हणूनच या पट्ट्यावर नजर ठेवतात.

हे नकाशे वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावं. उपग्रहाला वरचा सेंटीमीटरभर थरच दिसतो. आर्गो तरंडा, म्हणजे समुद्रात खालीवर होत क्षारता मोजणारं स्वयंचलित उपकरण, मात्र आपला क्षारतामापक मळू नये म्हणून वर येताना साधारण पाच मीटरवर पंप थांबवतो. नुकताच पाऊस पडून वारा पडलेला असेल, तर दोन्ही आकडे बरोबर असूनही जुळत नाहीत. अशा वेळी आधी त्या दिवसाचा पाऊस आणि वारा तपासा, मगच कुणाची चूक ते ठरवा.